न विचारलेली बाजू

खिडकीजवळची ती सीट सुलक्षणाची होती. तसं कुठं लिहिलेलं नव्हतं, पण न्हावऱ्याहून रांजणगावला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये ज्याची त्याची जागा ठरलेली असते आणि ती मोडायला सहसा कुणी धजावत नाही. त्या दिवशी मात्र ती बसमध्ये चढली आणि बघते तर काय... तिच्या जागेवर एक अनोळखी तरुण ऐसपैस बसलेला! केसांतून पाणी निथळतंय, मांडीवर हेल्मेट, आणि चेहऱ्यावर असा निवांतपणा, जणू बस त्याच्या मामाचीच आहे.

"ही सीट माझी आहे," सुलक्षणा म्हणाली.

"नाव दिसलं नाही कुठं," तो म्हणाला आणि हसला. पण उठलाही लगेच.

बाहेर परतीचा पाऊस नुसता झोडपत होता. ओढणीनं हात पुसत ती खिडकीपाशी बसली आणि जेवणाचा डबा पिशवीतून काढून तिनं मांडीवर घेतला, कारण पिशवी पार भिजली होती. तो शेजारीच दांडा धरून उभा राहिला. गाडी पंक्चर झाली, म्हणून न्हावऱ्यात लावून बसनं निघालोय, असं तो ड्रायव्हरला सांगत होता. बस गावाबाहेर पडली तसा तो जरासा वाकला.

"न्हावऱ्याच्या कोरेकर ना तुम्ही? बाळासो कोरेकरांच्या...?"

सुलक्षणानं चमकून वर बघितलं.

"तुम्हाला काय माहीत?"

"असंच... कळतं कधी कधी," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला. गालात हसत होता, हे काचेत स्पष्ट दिसत होतं.

आता, दुसरी एखादी मुलगी असती तर लाजली असती, नाहीतर विसरून गेली असती. पण सुलक्षणाचा स्वभावच संशयी. दूधवाल्यानं चुकून मापट्यावर चार थेंब जास्त घातले तरी 'आज काय विशेष?' म्हणून ती त्याच्याकडे रोखून बघायची. आणि तिच्या या स्वभावाला कारणही होतं.

मागे एका चुलतबहिणीच्या लग्नात एक गोड बाई तिच्या मागे मागे होत्या. पाणी मागितलं, केसांचं कौतुक केलं, चालायला लावून पावलं बघितली. सुलक्षणानं त्यांना आग्रह करकरून जिलबी वाढली. नंतर समजलं की त्या कुठल्यातरी मुलाच्या मावशी होत्या, मुलगी चोरून बघायला आलेल्या. निरोप आला – उंची कमी पडते. नकाराचं तिला काही वाटलं नाही, पण त्या जिलबीचा राग अजून गेला नव्हता. त्याच दिवशी तिनं आईला ठणकावून सांगितलं होतं, "मला बघायचं तर समोर येऊन बघा. जो चोरून बघेल त्याला माझा नकार. मग तो राजपुत्र का असेना!"

आणि नेमकं आदल्याच संध्याकाळी आईनं नवीन विषय काढला होता. "आत्यानं एक स्थळ आणलंय गं. यवतचे दोरगे. घर चांगलं हाय, पोरगं कंप्युटरमधलं हाय. त्याचं नाव..."

"नाव नको सांगू. मला काहीच ऐकायचं नाही!" असं म्हणून सुलक्षणानं टीव्हीचा आवाज वाढवला होता.

कंपनीत फ्रिजच्या दारांना लागणारं रबर बनायचं. किती माल बनला, किती बिघडला, याचा रोजचा रिपोर्ट सुलक्षणा काढायची. त्या दिवशी साहेबांनी सगळ्यांना मीटिंगच्या खोलीत बोलावलं, तर समोर तोच! केस आता विंचरलेले, गळ्यात पाहुण्याचं कार्ड.

"हे विश्वजीत दोरगे," साहेब म्हणाले. "आपल्या नव्या डेटाबेसचं ट्रेनिंग द्यायला पुण्याहून आलेत. मूळचे आपल्या जवळचेच की... सध्या राहणार घरीच, यवतला."

यवत. दोरगे. कंप्युटर. सुलक्षणाच्या डोक्यात टकाटक दिवे लागले. म्हणजे बसमधली भेट अचानक झालेली नव्हती तर! गाडी पंक्चर कसली? हा मुलगी बघायला आला होता, आणि तेही कामाच्या नावाखाली, पगारी! तिनं वहीच्या कोपऱ्यात मोठ्ठं प्रश्नचिन्ह काढलं आणि ते पुन्हा पुन्हा गिरवलं.

"एक्सेलच्या शीटला बाजू किती?" विश्वजीत विचारत होता. "दोन. आडवी आणि उभी. पण तुमचं रबर बिघडतं, तेव्हा तेवढ्यानं भागतं का? कुठल्या लाइनवर बिघडलं? कुठल्या शिफ्टला? कुठलं मॉडेल? कुठल्या महिन्यात? एकाच आकड्याला कितीतरी बाजू. यातली प्रत्येक बाजू म्हणजे एक डायमेन्शन. आणि जे मोजायचं, किती नग फेकले ते, तो झाला मेजर. या सगळ्याला मिळून म्हणायचं क्यूब."

"क्यूब म्हणजे ठोकळा ना? त्याला तर सहाच बाजू," सुलक्षणा म्हणाली.

"नाव ठोकळ्याचं. बाजू हव्या तेवढ्या. माणसासारखंच की."

"माणसाला किती असतात?"

"दाखवील तेवढ्या," तो तिच्याकडे बघून म्हणाला. शेजारी बसलेल्या प्रगतीनं तिला कोपर मारलं. सुलक्षणाची ही जीवाभावाची मैत्रीण, आणि अशा बाबतीत प्रगतीची नजर ससाण्याची. सुलक्षणानं उलटं कोपर मारलं. तिच्या मनात एकच विचार होता – हा स्वतःच्या किती बाजू दाखवतोय, आणि लपवतोय किती?

ट्रेनिंगला सुरुवातीला बरेच जण होते, हळूहळू एकेक जण 'काम आहे' म्हणून सटकला. उरल्या दोघी. प्रगतीचं अर्धं लक्ष फोनमध्ये, त्यामुळं खरी शिकणारी एकच. क्यूबला प्रश्न कसा विचारायचा, म्हणजे क्वेरी कशी लिहायची, हे विश्वजीत तिला शेजारी खुर्ची ओढून शिकवायचा.

"सिलेक्ट म्हणायचं. मग आडवं काय हवं ते सांगायचं. उभं काय हवं ते सांगायचं. मग फ्रॉम, म्हणजे कुठल्या क्यूबमधून. आणि शेवटी व्हेअर. सगळ्या पसाऱ्यातला नेमका कुठला तुकडा कापून हवाय, ते. समजलं?"

"समजलं," ती म्हणायची. समजतही होतं. खरं सांगायचं तर फार छान समजत होतं. एसीचा गार झोत तिच्या अंगावर येतोय हे बघून तो न बोलता खुर्ची बदलायचा. तिनं चुकीचं काही लिहिलं तर 'चूक' न म्हणता 'बघू या बरं, क्यूब काय म्हणतोय' म्हणायचा. पण यातलं काहीही तिला सरळ दिसेना. खुर्ची बदलली, ती उंची बघायला? 'कुणाकडे शिकलात?' म्हणाला, ते शिक्षण विचारायला?

एकदा जेवताना त्यानं तिच्या डब्यातला ठेचा चाखला. डोळ्यांत पाणी आलं, तरी पुन्हा घेतला.

"तुम्हीच केला?"

बघा! सुलक्षणा सावध झाली. ठेचा तिनंच केला होता, पहाटे उठून, खलबत्त्यात कुटून.

"नाही. मला स्वयंपाकातलं ओ का ठो येत नाही. माझा चहासुद्धा उतू जातो."

"मग हरकत नाही. मला चहा येतो."

"आणि मी फार रागीट आहे."

"ते दिसलं बसमध्ये."

"सकाळी उशिरा उठते."

"मग पहिल्या शिफ्टची बस कशी गाठता?" त्यानं अगदी भोळा चेहरा करून विचारलं.

प्रगती खोकत खोकत पाणी प्यायला उठून गेली. सुलक्षणाला कळेना... नापास व्हायचा एवढा आटापिटा करतेय, तरी परीक्षकाच्या चेहऱ्यावर आनंद का?

दुसऱ्या दिवशी त्यानं कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत काकवी भरून आणली. "यवतच्या पलीकडं गुऱ्हाळ लागलंय. ठेच्यावर उतारा," म्हणाला. तिनं संशयानं बाटली उजेडात धरून बघितली. घरी जाऊन भाकरीशी खाल्ली, तेव्हा वडिलांनी, आबांनी, बोटं चाटत विचारलं, "कुणी दिली गं?" ती म्हणाली, "ऑफिसात वाटत होते." आबांशी ती सहसा खोटं बोलायची नाही, त्यामुळं रात्रभर कसंसंच वाटत राहिलं.

मग तो तीन नंबरच्या लाइनचा घोळ झाला. सुलक्षणानं पहिल्यांदाच कुणाच्या मदतीशिवाय प्रश्न लिहिला. आडवं – किती नग फेकले. उभं – मॉडेलं. व्हेअरमध्ये – तीन नंबरची लाइन. बटण दाबलं आणि पडद्यावर असे आकडे आले की तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं तडक लाइनच्या सुपरवायझरला फोन लावला. "ईश्वरभाऊ, काय चाललंय काय तुमच्या लाइनवर? सप्टेंबरात एवढं रबर फेकलं?"

बिचारा ईश्वर हातमोजे न काढताच धावत आला. "मॅडम, एवढं तर आम्ही बनवलं बी न्हाई!"

विश्वजीतनं पडद्यावर नजर टाकली. "महिना कुठाय यात?"

"सप्टेंबर विचारलाय की मी!"

"मनात विचारलात. क्वेरीत नाही."

तिनं पुन्हा वाचलं. खरंच, महिना लिहायचा राहूनच गेला होता.

"ज्या बाजूचं आपण नाव घेत नाही," विश्वजीत समजावू लागला, "ती बाजू क्यूब रिकामी सोडत नाही. आपल्या मनानं काहीतरी धरतो. त्याला डिफॉल्ट म्हणतात. बहुतेक वेळा 'ऑल', म्हणजे सगळंच. तुम्ही महिना सांगितला नाही, त्यानं लाइन सुरू झाल्यापासूनचं सगळं रबर तुमच्यापुढं ओतलं."

"मग त्यानं विचारायचं ना, कुठला महिना म्हणून!"

"तो कशाला विचारेल? आपण गप्प बसलो, की समोरचा आपल्या परीनं अर्थ लावतो. त्याची काय चूक?"

"म्हंजी आमच्या लाइनीला शिव्या फुकटच," ईश्वर म्हणाला, आणि तिघंही हसले. हसता हसता सुलक्षणाची नजर विश्वजीतच्या नजरेला भिडली... आणि जरा जास्तच वेळ तिथं राहिली. त्या दिवशी बसमधून घरी जाताना तिला कळलं, की आपल्याला हा माणूस आवडतो. संशयासकट आवडतो. आणि तेच मोठं संकट होतं, कारण चोरून बघायला आलेल्याला नकार द्यायचा, हे तिनं स्वतःलाच कबूल केलं होतं. हा तो नसावा, अशी ती मनातल्या मनात विनवणी करू लागली. पण विचारायची मात्र तिची छाती होईना.

कॅन्टीनच्या मागच्या जिन्यावर तिनं ते ऐकलं. विश्वजीत पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता, घरच्या बोलीत.

"काकी, किती बारी इचारशील? ...पोरगी रोज बघतोय मी, व्हय... अगं पर ते मी कसं सांगू? ...न्हाई. आजून न्हाई. जरा थांब की."

हातातल्या कपातला चहा तिच्या ओढणीवर सांडला. झालं! आता कसला संशय, उघड पुरावाच होता. इतके दिवस खुर्ची हलवणारा, काकवी आणणारा हा माणूस रोज तिला तपासत होता, आणि अजून त्याचा निकाल लागत नव्हता. तिला एवढं वाईट वाटलं, की राग यायलासुद्धा थोडा वेळ लागला.

दुपारी ती खुर्ची लांब ओढून बसली.

"काही चुकलं का माझं?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच बघा. बघायलाच आलात ना?"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. तोंड उघडलं... पुन्हा मिटलं. सुलक्षणानं ते मिटलेलं तोंडच उत्तर म्हणून घेतलं.

रविवारी आत्या घरी आली ती पदरानं वारा घेतच. आल्या आल्या म्हणाली, "यवतवाल्यांचा निरोप आलाय. पत्रिका जुळत न्हाई म्हणत्यात."

आबांनी चष्मा काढला. "आपण पत्रिका दिलीच कवा?"

"तेच की दादा! पत्रिकेचं आपलं नाव पुढं करत्यात." आत्यानं आवाज खाली आणला, म्हणजे सगळ्या घराला ऐकू जाईल इतपतच ठेवला. "त्यांच्या सत्यजीतचा चुलतभाऊ हिच्याच कंपनीत येतोय म्हणं. त्याला इचारलं, पोरगी कशी हाय. तर त्यो तोंडच उघडंना! आज सांगतो, उद्या सांगतो... त्याची काकी म्हणाली, चांगलं असतं तर बोलला असता. गप बसला म्हंजी पोरीत कायतरी हाय."

"सत्यजीत कोण?" सुलक्षणानं विचारलं.

"नवरामुलगा, दुसरं कोण! मी नाव सांगाय लागले तर तूच म्हणालीस, नको सांगू," आई डोळ्याला पदर लावत म्हणाली.

तो नव्हता. चोरून बघायला आलेला नवरामुलगा तो नव्हताच! क्षणभर तिला गच्चीवर जाऊन नाचावंसं वाटलं. पण पुढच्याच क्षणी आत्याचं वाक्य तिच्या डोक्यात शिरलं. पोरीत कायतरी हाय. उद्या दुसरं स्थळ यवतला चौकशी करेल, तिसरं दुसऱ्याकडे. 'का मोडलं' या प्रश्नाला कुणाकडेच उत्तर नसेल, आणि ज्याला जे हवं ते तो त्यात भरेल. आबा ताटावरून अर्धं जेवून उठले आणि गोठ्याकडे निघून गेले. आबांची ती वाकलेली पाठ तिच्यानं बघवेना.

ट्रेनिंगचा शेवटचा दिवस होता. विश्वजीत मीटिंगच्या खोलीत वायरी गुंडाळत होता. प्रगतीनं वेळ ओळखून बाहेरून दार ओढून घेतलं आणि तिथंच पहारा दिला.

"काकीनं माझ्याबद्दल विचारलं होतं?" सुलक्षणानं उभ्या उभ्याच विचारलं.

वायर त्याच्या हातातून सुटली. "हो."

"कधी?"

"मी इथं यायला लागल्यावर. कंपनीचं नाव ऐकून म्हणाली, सत्यजीतसाठी तिथलीच मुलगी सांगून आलीय, जरा बघून सांग कशी आहे ती."

"मग का नाही सांगितलंत? एवढी वाईट आहे मी?"

"वाईट?" तो मटकन खुर्चीत बसला. "पहिल्याच आठवड्यात 'चांगली आहे' म्हणून मोकळा होणार होतो. पण मग तो ठेचा... आणि तुमचं ते 'मी फार रागीट आहे'..." तो थांबला. "चांगली म्हणालो असतो, तर तुम्ही वहिनी म्हणून माझ्याच घरात आला असता. वाईट म्हणायला जीभ रेटली नसती. म्हणून मग... गप्प बसलो. वाटलं, वेळ जाईल, विषय मागं पडेल."

त्यानं सांगितलं ते तिला पुन्हा एकदा ऐकावंसं वाटत होतं. पण आबांची पाठ डोळ्यांसमोरून हलेना.

"तुम्हीच शिकवलंत ना मला?" तिनं विचारलं. "ज्या बाजूचं आपण नाव घेत नाही, ती समोरचा आपल्या मनानं धरतो. तुम्ही गप्प बसलात. तुमच्या काकीनं धरली. माझे आबा धड जेवत नाहीत, विश्वजीत! घरी सगळे मला विचारतायत, तू काय केलंस म्हणून."

तो पांढराफटक पडला. हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं, एवढं तरी तिला त्याच्याकडे बघून कळलं.

"मी... आजच काकीला फोन..."

"फोन नको. गाडी आणलीय?"

"आणलीय."

"चला यवतला."

"आत्ता?"

"आत्ता. हाफ डे टाकते."

गेटवरून तिनं घरी फोन केला. "आबा, मी यवतला जाऊन येते. दोरग्यांकडं. खरं काय ते विचारायला." पलीकडून आबा खाकरले. मग म्हणाले, "जा. पर मान खाली घालू नगंस."

न्हावरा मागे पडला, पारगावच्या पुलाखाली भीमा दुथडी भरून वाहत होती. ऊन आणि भुरभुर पाऊस एकदमच चालू होते. दोघांच्या मध्ये तिनं डब्याची पिशवी ठेवली होती. चौफुल्याला तो फक्त एवढंच म्हणाला, "काकी आवाजानं मोठी आहे. मनानं नाही... म्हणजे मनानंही मोठीच आहे." तिला हसू आलं, पण तिनं ते त्याला दिसू दिलं नाही.

दसरा तोंडावर आला होता. यवतच्या मळ्यात झेंडू नुसता पेटला होता, आणि साखरबाई काकी कमरेला ओटी बांधून फुलं तोडत होत्या.

"काय रं विशू, दिवसाढवळ्या? आन् ही कोण?"

"काकी, ही सुलक्षणा. न्हावऱ्याची."

काकींचे हात थबकले. सुलक्षणानं वाकून नमस्कार केला, आणि सरळ उभी राहिली.

"काकी, पत्रिका जुळत नाही म्हणालात. कुठली पत्रिका?"

"अगं, ते... बोलायची एक रीत असती बाई..."

"त्या रीतीनं माझ्यात काहीतरी खोट आहे, असं ठरलंय. ती कुठली, तेवढी सांगा. मी ऐकून घेते आणि जाते."

काकी सुलक्षणाकडे बघत राहिल्या, मग पुतण्याकडे वळल्या. "काय रं? इतके दिस तोंडात मिठाची गुळणी धरली व्हतीस. आता बोल की!"

विश्वजीतनं झेंडूचं एक पान तोडलं, बोटात चुरगाळलं.

"पोरगी लई चांगली हाय काकी. रागीट हाय. संशयी हाय. बसमधली सीट सोडत न्हाई. ठेचा असा करती की डोळ्यातनं पाणी काढती, आन् वर म्हणती मला काय येत न्हाई. तुला सांगितलं असतं, तर तू सत्यजीतसाठी सुपारी फोडली असतीस. म्हणून... मला सांगवंना."

काकींच्या चेहऱ्यावर एकामागून एक कायकाय येऊन गेलं. शेवटी त्यांनी ओटीतली फुलं पाटीत रिकामी केली, कमरेचा फोन काढला आणि सुलक्षणाच्या आत्यालाच लावला.

"मी यवतची साखरबाई. ते पत्रिकेचं खोटं व्हतं बरं का. पोरीत काय बी खोट न्हाई. खोट आमच्या पोरात हाय, येळेवर तोंड उघडत न्हाई. तुमच्या दादांना आत्ताच्या आत्ता सांगा. माझ्या तोंडचं म्हणून सांगा." मग फोन ठेवून त्या म्हणाल्या, "सत्यजीतचं काय न्हाई, त्यानं आजून फोटोबी बघितला न्हाई. पर विशू, हिला इचारलंस का तू?"

"...न्हाई."

"मग माझ्याफुडं कशाला आरती ओवाळतोस? तिला इचार!" आणि पाटी उचलून काकी तरातरा वाफ्याच्या टोकाला गेल्या. तिथून ओरडल्या, "मला हितनं काय बी ऐकू येत न्हाई!"

सुलक्षणाचा श्वास मोकळा झाला होता. आबांपर्यंत निरोप पोचला असेल आता. उरला होता तो फक्त समोरचा माणूस, आणि त्याच्या कानांच्या पाळ्या लालबुंद झाल्या होत्या.

"मग... तुमचं काय?" तो म्हणाला.

"कशाचं काय?"

"म्हणजे... तेच."

"क्वेरी अर्धवट आहे," सुलक्षणा म्हणाली. "मी माझ्या मनानं काहीही धरेन हं."

त्यानं मोठा श्वास घेतला. "मला, यवतच्या विश्वजीत दोरगेला, न्हावऱ्याच्या सुलक्षणा कोरेकरांशी लग्न करायचंय. सुलक्षणा कोरेकरांना करायचंय का?"

'हो' तिच्या ओठांवर आलंच होतं. पण स्वभाव कुठं जाणार? एक जुनी सल अजून टोचत होती.

"आधी एक सांगा. त्या दिवशी बसमध्ये माझं आडनाव, आबांचं नाव तुम्हाला कसं कळलं? काकीनं आधीच सांगितलं होतं ना?"

तो गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. मग हसायलाच लागला. पुढं होऊन त्यानं तिच्या पिशवीतला डबा काढला आणि झाकण तिच्यासमोर धरलं. भांड्यांच्या दुकानात ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली अक्षरं उन्हात चमकत होती – बाळासो कोरेकर, न्हावरा.

"मांडीवर ठेवला होतात. माझ्या नाकासमोर," तो म्हणाला. "बाळासो काही तुम्ही दिसत नव्हता. म्हटलं, मुलगी असाल."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"भाव खात होतो थोडा. आणि तुम्हीही पुन्हा विचारलं नाहीत."

सुलक्षणा झाकणाकडे बघत राहिली. रोज सकाळी ती हेच झाकण लावायची, रोज दुपारी उघडायची. एवढा मोठा संशय, आणि तो तिच्याच डब्यावर कोरलेला! ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. आणि ते पुसता पुसताच म्हणाली, "हो."

"काय हो?"

"करायचंय. सुलक्षणा कोरेकरांना विश्वजीत दोरगेंशी लग्न करायचंय. झालं का पूर्ण?"

तो नुसताच मान हलवत राहिला. वाफ्याच्या टोकावरून, जिथं काही ऐकू येत नव्हतं तिथून, काकींची हाक आली.

"मग लग्नातल्या भांड्यांवर नाव कुणाचं कोरायचं गं?"

"दोघांचं!" सुलक्षणा ओरडून म्हणाली, आणि ओढणी कमरेला खोचून फुलं तोडायला खाली वाकली.